मोठ्या जनावरांची वैद्यकीय देखभाल आणि हाताळणी

मोठी जनावरं म्हणजे पशुवैद्यकाच्या भाषेत गाय, बैल, म्हैस, घोडा, गाढव, खेचर, उंट वगैरे. शेळ्या, मेंढ्या, डुकरं अंगाने लहान असली तरी कळपाने पाळतात म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यांनाही यांच्यातच धरतात. कुत्र्यामांजराला उचलून दवाखान्यात नेता येतं, ५०० किलोची गाय उचलता येत नाही, त्यामुळे डॉक्टरच गोठ्यात येतो, आणि तो येईपर्यंत जनावराकडे बघणारा, त्याला धरणारा, त्याचा ताप मोजणारा माणूस म्हणजे त्याचा मालक किंवा राखणारा. म्हणून या विषयात औषधाआधी दोन गोष्टी येतात, एक जनावर नीट बघता येणं आणि दुसरं म्हणजे त्याला न घाबरवता धरता येणं.

या शास्त्राची पहिली शाळा फ्रान्समध्ये लिऑन शहरात १७६२ मध्ये क्लोद बूर्जला यांनी सुरू केली, तेव्हा युरोपात बुळकांडी या विषाणूच्या साथीने गुरं पटापट मरत होती. तीच बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली असं अधिकृतपणे जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर लसीकरणाने पूर्ण संपवलेला हा दुसराच रोग.

जनावराला जग कसं दिसतं

गाय, घोडा, मेंढी ही सगळी मुळात शिकार होणारी जनावरं, त्यामुळे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि नजर जवळजवळ चौफेर, ३०० अंशांच्याही वर. पण बरोबर शेपटीमागचं काहीच दिसत नाही आणि घोड्याला तर कपाळासमोरचं अगदी जवळचंही दिसत नाही, म्हणून मागून गुपचूप जाऊन हात लावला की लाथ बसते, त्यात जनावराची काही चूक नसते. खोलीचा अंदाजही त्यांना नीट येत नाही. जमिनीवर पडलेली सावली, नाली, लोंबकळणारी साखळी, कुंपणावर टाकलेला शर्ट, एवढ्यावरसुद्धा अख्खा कळप थबकतो आणि लोक मागून काठ्या मारत बसतात, खरं तर पुढे जाऊन तो शर्ट काढला की काम होतं. अंधारातून उजेडाकडे जनावर सहज जातं, उजेडातून अंधाऱ्या जागेत शिरायला बिचकतं. कानही आपल्यापेक्षा तिखट, उंच पट्टीचा आवाज जास्त लागतो, म्हणून आरडाओरडा आणि शिट्ट्या यांनी फक्त गोंधळ वाढतो.

प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं, त्याच्या आत माणूस शिरला की ते सरकतं आणि बाहेर गेला की थांबतं. माणसाळलेल्या दुभत्या गाईचं हे अंतर जवळजवळ शून्य, मोकळ्या माळावरच्या जनावराचं कितीतरी मीटर. या अंतराच्या कडेवर राहून चालायचं आणि खांदा लक्षात ठेवायचा, आपण खांद्याच्या मागे असलो की जनावर पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलो की थांबतं किंवा मागे वळतं. अमेरिकन संशोधक टेम्पल ग्रँडिन यांनी गुरांच्या याच नजरेतून विचार करून वळणदार वाटा आणि पिंजरे डिझाइन केले आणि आज मोठ्या फार्मवर ती पद्धत सर्रास दिसते, पण तत्त्व चार गुरांच्या गोठ्यालाही तेवढंच लागू आहे.

घाबरवू नका असं सांगतात ते नुसतं दया म्हणून नाही. घाबरलेल्या जनावराची नाडी आणि श्वास वाढतात, पळवून आणलं तर तापही चढलेला दिसतो, मग तपासणीचे आकडेच खोटे येतात. दुभतं असेल तर भीतीच्या हार्मोनमुळे पान्हा चोरला जातो.

धरणं, बांधणं, पाडणं

जवळ जाताना आवाज देत, तिरकं, खांद्याच्या दिशेने जायचं. गाय पाय पुढे आणून बाजूला फेकते, घोडा सरळ मागे झाडतो, म्हणजे गाईच्या पोटाशेजारी उभं राहणं सुरक्षित वाटलं तरी नसतं. मागून जायचंच असेल तर एक तर अंगाला हात लावून अगदी चिकटून जा नाही तर लाथेच्या टप्प्याबाहेरून, मधलं अंतर सगळ्यात वाईट. एकटं पडलेलं जनावर कळपातल्या जनावरापेक्षा जास्त बिथरतं, उपचाराला वेगळं काढलं तर शेजारी सोबतीला दुसरं बांधलेलं बरं. नुकती व्यालेली गाय वासराजवळ कुणालाही येऊ देईलच असं नाही. आणि वळूवर कधीच विश्वास टाकायचा नाही, त्यातही लहानपणापासून एकट्याने बाटलीवर वाढवलेला वळू जास्त धोक्याचा, कारण तो माणसाला आपल्यातलाच प्रतिस्पर्धी समजतो. मान खाली घालून आडवा उभा राहून अंग दाखवायला लागला, पायाने माती उकरायला लागला की पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं.

दोराबाबत दोन नियम डोक्यात पक्के पाहिजेत. गळ्यात कधी सरकफास घालायचा नाही, न आवळणारी गाठ मारायची आणि खांबाला मात्र एका झटक्यात सुटेल अशी गाठ, कारण जनावर पडलं तर सुरी शोधायला वेळ मिळत नाही. दुसरं म्हणजे दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. असं करून बोटं गमावलेली माणसं या धंद्यात आहेत.

साध्या तपासणीला मोरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) आणि खोडा (जनावर उभं अडकवून ठेवणारी चौकट) पुरतो. सुई टोचताना एक माणूस नाकपुड्यांमधला पडदा अंगठा आणि बोटाने धरून मान वळवून ठेवू शकतो, शेपूट मुळाशी धरून वर उचललं तर लाथेचा जोर कमी होतो, पण ते मुळाशीच, मध्ये धरून पिरगाळली तर हाड मोडतं. खुराच्या कामाला किंवा शस्त्रक्रियेला पाडावं लागलं तर गुरांसाठी दोराची पद्धत आहे, मानेला न आवळणारी गाठ, मग छातीभोवती एक वेढा, भकाळीसमोर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यासमोर, एक वेढा आणि दोर सरळ मागे ओढायचा, जनावर आपोआप गुडघे मोडून बसतं, ढकलाढकली लागत नाही. वेढा कासेवर किंवा बैलाच्या लिंगावर यायला नको. पाडायच्या आधी पोट रिकामं हवं आणि पाडल्यावर जास्त वेळ कुशीवर सपाट ठेवायचं नाही, रवंथ करणाऱ्या जनावराला आडवं पडल्यावर ढेकर देता येत नाही, गॅस साठतो, पोटातलं तोंडात येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं.

रोज काय बघायचं

शिकार होणारं जनावर दुखणं लपवतं, हे कळलं की बाकी अर्धं कळतं. दिसण्याइतकं आजारी पडलं म्हणजे आजार बऱ्याचदा जुना असतो. म्हणून रोज सकाळी हात न लावता दोन मिनिटं नुसतं बघायचं, कोण चाऱ्याकडे उशिरा आलं, कुणाचे कान पडलेत, कुणाची नाकपुडी कोरडी आहे, कोण पाठीला बाक काढून उभं आहे, शेण पातळ की घट्ट, रवंथ चालू आहे का. निरोगी गाय दिवसाला साधारण ६ ते ८ तास रवंथ करते, बसलेल्या कळपात बरीचशी जनावरं तोंड हलवत असायला हवीत.

मग आकडे. ताप गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजतात, बाजूच्या भिंतीला टेकवून, शेणात खुपसला तर रीडिंग चुकतं. गाईचं १०१.५ फॅरेनहाइटच्या आसपास, म्हशीचं थोडं कमी, घोड्याचं ९९ ते १०१, शेळीमेंढीचं १०२ ते १०३.५. उन्हात उभं असलेलं जनावर मोजलं तर आकडा जास्त येणारच, त्यामुळे सावलीत थोडा वेळ ठेवून मोजावं. नाडी मोठ्या गाईची मिनिटाला ६० ते ८० आणि घोड्याची २८ ते ४४, घोड्याची विश्रांतीत ६० च्या वर टिकून राहिली तर मामला गंभीर. गाईच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली की पोटाची हालचाल हाताला उचलल्यासारखी लागते, मिनिटाला १ ते २ वेळा, ती लागली नाही तर पचन बंद आहे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि तशीच राहिली, डोळे खोल गेले, म्हणजे अंगातलं पाणी गेलंय. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा, पांढरट दिसला तर रक्त कमी, शेळीमेंढीत बहुधा जंतांमुळे.

हे आकडे डॉक्टरला फोनवर सांगता आले तर तो योग्य औषधं घेऊन येतो, गाय खात नाही एवढंच सांगितलं तर त्याला काहीच कळत नाही.

पोट

मोठ्या गाईचं पहिलं पोट, रुमेन, १०० लिटरच्या वर मावणारी टाकी आहे आणि आत अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात. गाईला खायला घालतो म्हणजे खरं या जिवांना घालतो, आणि त्यांना अचानक बदल चालत नाही. धान्याच्या पोत्यापर्यंत पोचून भरपूर धान्य खाल्लं की पोटात आम्ल भरतं, जनावर सुस्त होतं, जुलाब लागतात, बसतं आणि मरूही शकतं. खुराक बदलायचा तर आठवडा दोन आठवड्यांत हळूहळू.

पोटफुगी म्हणजे ढेकर अडकणं. डावी भकाळी ढोलासारखी वर येते, जनावर तोंड उघडून श्वास घेतं, तासाभरात जाऊही शकतं. कोवळा लसूणघास, बरसीम असा द्विदल हिरवा चारा एकदम जास्त खाल्ला की फेसाची फुगी होते, त्यात गॅस बुडबुड्यांत अडकतो म्हणून नळी घालून निघत नाही, फेस मोडायला खाद्यतेल किंवा त्यासाठीचं औषध लागतं. घशात बटाट्यासारखं काही अडकून झालेली फुगी वेगळी. भकाळीत ट्रोकार, म्हणजे नळीत बसवलेला टोकदार दाभण, खुपसून गॅस काढणं हा अगदी शेवटचा उपाय आणि तो ज्याला माहीत आहे त्यानेच करायचा. तोंडाने तेल किंवा औषध पाजताना जीभ ओढू नये, मान जास्त वर उचलू नये, घाई केली की औषध फुप्फुसात जातं आणि जगणारं जनावर न्यूमोनियाने मरतं, हे पाजण्यामुळे होणारं मरण फार वेळा घडतं आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखं आहे.

खिळे, तारेचे तुकडे गाय चाऱ्याबरोबर गिळते, ती चावून निवडत बसत नाही. ते दुसऱ्या पोटात अडकतात, आणि हृदय तिथून फार लांब नाही. पोटात लोहचुंबक सोडून तार धरून ठेवतात, पण चारा साफ ठेवणं त्याहून सोपं.

घोड्याचं सगळंच वेगळं, पोट लहान, आणि घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला की तो पोटाकडे वळून बघतो, पाय आपटतो, लोळतो, घाम येतो. खाणं काढून घ्यायचं आणि डॉक्टरला लगेच बोलवायचं, वाट बघण्यात आतडं पिळलं गेलेलं असेल तर वेळ जातो.

विणं आणि नंतरचे दोन दिवस

गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० च्या आसपास, घोडी ३४०, शेळीमेंढी १५०. वासरू नीट असेल तर पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं तोंड असं येतं. पाण्याची पिशवी दिसल्यावर दोन तासांत काही पुढे सरकलं नाही, किंवा फक्त एकच पाय किंवा शेपूट दिसली तर ओढायचं नाही, डॉक्टर. ओढायचं झालं तर कळ येईल तेव्हाच, आणि दोन माणसांच्या ताकदीच्या वर कधी नाही, ट्रॅक्टर लावून वासरू काढणारे लोक आहेत आणि त्यात गाय कायमची बसते. घोडीचं मात्र फार झटपट असतं, पाणी फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं.

वासराला आईच्या पोटात रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, सगळी चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, मिळतात, आणि आतडं ती २४ तासांतच घ्यायचं थांबवतं. त्यामुळे जार (वार) पडायची वाट न बघता पहिल्या दोन तासांत चीक, १२ तासांत वजनाच्या १० टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. गाईचा जार १२ तासांत पडतो, घोडीचा ३ तासांत पडला नाही तर ती इमर्जन्सी. अडकलेला जार हाताने ओढून काढू नये.

व्याल्यावर पहिल्या तीन दिवसांत जास्त दूध देणारी गाय लटपटायला लागली, मग बसली, कान थंड पडले, मान वळवून भकाळीवर टाकली तर दुग्धज्वर. नावात ज्वर आहे पण ताप नसतो, उलट अंग गार पडतं, रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात गेलेलं असतं. शिरेतून कॅल्शियम हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत देतात, पटकन दिलं तर हृदय बंद पडतं. औषध चालू असतानाच ती थरथरते, ढेकर देते, शेण टाकते, आणि बरेचदा थोड्या वेळात उठून उभी राहते. या अवस्थेत तिला गिळता नीट येत नाही म्हणून तोंडाने काहीही पाजायचं नाही. उठली नाही तर दर दोन तीन तासांनी कूस बदलायची, नाही तर स्वतःच्याच वजनाने खालच्या पायाचे स्नायू मरतात.

कास, खूर, औषधं

कासदाह पहिल्या धारांत कळतो, काळ्या भांड्यावर पहिल्या दोन तीन धारा काढून गाठी दिसतात का बघायचं. दूध काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवायचे आणि जनावर थोडा वेळ उभं राहील असं बघायचं, चारा टाकला की राहतं, कारण सडाचं तोंड लगेच मिटत नाही. लंगडणारी गाय बहुतेक वेळा मागच्या पायाच्या बाहेरच्या खुराने लंगडते, तिथून बघायला सुरुवात करावी.

स्नायूतलं इंजेक्शन मानेत देतात, पुठ्ठ्यात नाही, तिथे पायाचा मोठा मज्जातंतू आहे. डोस वजनावर ठरतो आणि काटा नसेल तर छातीचा घेर आणि लांबी इंचात घेऊन, घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ६६०, असं साधारण किलो निघतात. अँटिबायोटिक दिल्यावर लेबलवर लिहिलेले दिवस ते दूध आणि मांस माणसाने घ्यायचं नाही.

माणसाला लागणारे रोग

गाभडलेल्या गाईचा जार उघड्या हाताने उचलू नये, त्यात गर्भपात घडवणारा ब्रुसेला हा जंतू असू शकतो, तो कच्च्या दुधातूनही लागतो आणि माणसाला महिनोन्महिने ताप देतो. लाळ गाळणाऱ्या, घास अडकल्यासारखं करणाऱ्या जनावराच्या तोंडात हातमोज्याशिवाय हात घालायचा नाही, रेबीजची सुरुवात अशीच दिसते. लाळ्या खुरकूत माणसाला सहसा होत नाही पण बूट, कपडे, टायर यांच्यावरून पुढच्या गोठ्यात जातो, त्याचे विषाणू सात प्रकारचे असल्यामुळे एकाची लस दुसऱ्याला चालत नाही.

आणि जनावर अचानक मेलं, नाकातून गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त आलं, अंग ताठ झालं नाही, तर ते उघडायचं नाही, कातडं काढायचं नाही, हलवायचंही नाही. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) जंतू हवेशी संबंध आला की बीजाणू तयार करतो आणि ते मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात. पशुवैद्यक खात्याला कळवायचं, बाकीची गुरं तिथून लांब न्यायची आणि ती जागा कुंपण घालून बंद करायची.