मेल्यावर किती गमवायचं?

एका पारदर्शक चेंडूत माकड बसलेलं असतं. खालची जमीन हवी तशी कलती करत तो चेंडू घरंगळत शेवटच्या टोकापर्यंत न्यायचा. जरा तोल गेला की माकड कडेवरून थेट खाली. ‘सुपर मंकी बॉल २’ या गेमवर फिनलंडमधले मानसशास्त्रज्ञ निक्लास रावाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्यांच्या चेहऱ्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांनी स्नायूंची हालचाल मोजली. हसताना गालाचा स्नायू आवळला जातो, कपाळाला आठी पडताना भुवईचा. माकड खाली पडल्यावर आठी पडेल असं कुणालाही वाटेल. नोंद झाली ती मात्र आनंदाची. तेच अपयश नंतर हात बांधून नुसतं पडद्यावर पाहायची वेळ आली, तेव्हा खेळाडू हिरमुसले.

गेममधलं मरण वाईट वाटतं की नाही हे मरणावर फारसं ठरत नाही, ते त्यानंतर काय होतं यावर ठरतं, असं मला या प्रयोगावरून वाटत आलं आहे. ‘कठीण गेम’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. उडी किती अवघड आहे ही एक, आणि ती चुकल्यावर काय हिरावून घेतलं जातं ही दुसरी. ‘सेलेस्ट’ (2018) हा डोंगर चढण्याचा गेम भयंकर अवघड आहे, पण मेल्यावर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तुम्ही त्याच पडद्याच्या सुरुवातीला उभे असता. गेम संपेपर्यंत हजारदा मरणारे खेळाडू पुष्कळ आहेत आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. याउलट ‘एव्हरक्वेस्ट’ (1999) या ऑनलाइन गेममध्ये मेल्यावर कमावलेला अनुभव कापला जायचा, कधी एक लेव्हल खाली घसरायला व्हायचं, आणि तुमचं सामान पडलेल्या देहाजवळच राहायचं. ते आणायला जवळपास रिकाम्या हातांनी पुन्हा त्याच धोक्याच्या जागी जावं लागे.

ही शिक्षा आली कुठून? आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या जागी, तिचं कारण अगदी रोकडं होतं: लाइफ (मरूनही पुन्हा खेळण्याच्या मोजक्या संध्या) संपल्या की नवं नाणं. 1985 साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घरातल्या टीव्हीवर आला तेव्हा नाण्याचा प्रश्नच उरला नव्हता, तरी सुरुवातीच्या तीन लाइफ तशाच राहिल्या आणि त्या संपल्या की गेम ओव्हर. ‘सुपर मारिओ ओडिसी’ने 2017 साली लाइफ काढूनच टाकल्या, मेलात तर 10 नाणी जातात, बस. त्यामुळे गेम पुचाट झाला अशी तक्रार मी तरी कुणाकडून ऐकलेली नाही.

गमावणं इतकं का झोंबतं, याचा ठाव मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या 1979 च्या सिद्धांतात लागतो. मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख मोठं असतं. 1992 च्या त्यांच्या अंदाजानुसार साधारण सव्वादोन पट. तो आकडा पैशांच्या पैजांमधून आलेला आहे, गेममधल्या तासाभराच्या मेहनतीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण कल तोच दिसतो. आणि गंमत अशी की गमावण्याची हीच भीती खेळाला धारही लावते. ‘बायोशॉक’मध्ये (2007) मेल्यावर जवळच्या एका यंत्रातून तुम्ही जिवंत बाहेर यायचात आणि शत्रूला केलेली जखम तशीच राहायची. म्हणजे डोकं न लावता मरत मरतही जिंकता यायचं. कित्येकांना त्यात काही थरारच उरला नाही असं वाटलं, आणि पुढे ही यंत्रं बंद ठेवण्याची सोय द्यावी लागली. तेव्हा शिक्षा नकोच, असंही म्हणता येत नाही.

या दोन टोकांच्या मधली सगळ्यात हुशार योजना मला ‘डार्क सोल्स’मध्ये (2011) दिसते. मेलात की जवळचे सगळे सोल्स (शत्रूंना मारून मिळणारं या गेममधलं चलन) जातात, पण नाहीसे होत नाहीत. जिथे पडलात तिथेच ते तुमची वाट पाहत राहतात. तिथवर पोचलात तर सगळे परत. वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. नुकसान अजून पक्कं झालेलं नाही, ते भरून काढणं आपल्याच हातात आहे, आणि पुढच्या फेरीला आपोआप एक ध्येय मिळालेलं आहे. माकडाच्या प्रयोगात हात बांधलेल्या खेळाडूला वाईट वाटलं होतं. इथे हात मोकळे आहेत.

पण त्याच गेममध्ये दुसरी एक शिक्षा लपलेली आहे, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे. ती म्हणजे परतीची वाट. समजा, एखादा बॉस (टप्प्याच्या शेवटी उभा असलेला बलाढ्य शत्रू) तुम्हाला 40 सेकंदांत लोळवतो आणि चेकपॉइंटपासून, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते तिथून, त्याच्यापर्यंत जायला 4 मिनिटं 20 सेकंद लागतात. एक प्रयत्न पाच मिनिटांचा झाला. तासाभरात 12 प्रयत्न, आणि बॉसशी प्रत्यक्ष लढण्याचा सराव फक्त 8 मिनिटांचा. आता ती वाट 5 सेकंदांची करा. तासाभरात 80 प्रयत्न होतात आणि सराव 53 मिनिटांच्या पुढे जातो. बॉसची ताकद रतीभरही कमी झालेली नाही, तरी एक खेळाडू शिकतोय आणि दुसरा जिने चढतोय. मी स्वतः एक गेम अर्ध्यावर सोडला तो बॉसला घाबरून नाही. रात्री हाताशी जेमतेम तासभर असायचा आणि प्रत्येक चुकीनंतर तेच जिने, तेच पहारेकरी, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ‘डार्क सोल्स’च्याच निर्मात्यांनी ‘एल्डन रिंग’मध्ये (2022) अनेक बॉसच्या उंबऱ्याजवळच पुन्हा उभं राहण्याची जागा दिली. बॉस तेवढेच निर्दय राहिले.

वेळेपेक्षाही सूक्ष्म नुकसान आणखी एक आहे. टॉम स्टॅफर्ड आणि मायकल ड्युअर यांनी 2014 साली ‘अॅक्सॉन’ या साध्या ऑनलाइन गेमच्या 8,54,064 खेळाडूंची नोंद तपासली. ज्यांचे सुरुवातीचे गुण फार खालीवर होत होते, ते पुढे अधिक चांगले खेळताना आढळले. याचा एक अर्थ असा की ते सुरुवातीला निरनिराळ्या गोष्टी करून पाहत होते. हा नुसता परस्परसंबंध आहे, पक्कं कार्यकारण नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी मरण फार महाग केलं की आपण काय करतो ते आठवून पाहा. तेच शस्त्र, तोच कोपरा, तीच जपून टाकलेली पावलं. नवीन काही करून पाहण्याची किंमत परवडत नाही. मग गेम आपल्याला कमी शिकवतो आणि आपण त्याला कमी ओळखतो.

अपयशच नको, असं मात्र खेळाडू म्हणत नाहीत. गेमचे अभ्यासक येस्पर यूल यांनी 2009 साली मांडलेल्या पाहणीत एकदाही न हरता गेम पूर्ण केलेल्यांपेक्षा, थोडं हरून मग पूर्ण केलेल्यांनी त्याला जास्त गुण दिले होते. चूक आपली होती हे पटलं की हरणंही पचतं. कॅमेरा भिंतीत अडकल्यामुळे मेलो तर दोन नाण्यांचा दंडही अन्याय वाटतो.

मग मेल्यावर सगळंच पुसून टाकणारे गेम लोकांना का आवडतात? ‘रोग’ (1980) या गेममध्ये मेलात की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण तिथलं तळघर प्रत्येक वेळी नवं बनतं. सुरुवातीला परत गेलात तरी तेच ते करावं लागत नाही. ‘हेडीस’मध्ये (2020) तर मेल्यावर घरी परतायचं आणि तिथल्या पात्रांशी पुढचं बोलणं व्हायचं, गोष्ट मरणातूनच पुढे सरकते. ‘डायब्लो २’मधला (2000) हार्डकोर प्रकार, जिथे पात्र मेलं की कायमचं मेलं, तो खेळाडूने स्वतः निवडायचा असतो. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांच्या 2006 च्या अभ्यासात गेमच्या आनंदाचा संबंध दोन भावनांशी दिसला: आपण निवड केली आहे आणि आपल्याला हे जमतंय. स्वतः पत्करलेली जोखीम आणि लादलेली शिक्षा यांत म्हणूनच इतका फरक पडतो. कडक शिक्षेच्या गेमचे चाहते तिचं कौतुक करतात तेव्हा आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ते टिकून राहिलेले आहेत. तिसऱ्या रात्री कंट्रोलर ठेवून गेलेल्यांना कुणी विचारलेलं नसतं.

‘सुपर मीट बॉय’ (2010) मध्ये लेव्हल पार केली की एक रिप्ले दिसतो. तुमचे शेवटचे चाळीसपर्यंत प्रयत्न एकाच वेळी धावू लागतात. गेमचा नायक म्हणजे एक छोटा लाल चौकोन; तसे तीस-चाळीस एकदम सुटतात. निम्मे पहिल्याच करवतीवर फुटतात, उरलेले पुढच्या उडीत, काही अगदी शेवटच्या भिंतीवर. गर्दी विरळ होत जाते. आणि मग उरलेला एक शेवटपर्यंत पोचतो.