बैलजोडीच्या मोबदल्यात गेलेला चाकर, पुढे खासदार

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर टीका केली म्हणून तुरुंगात गेलेला आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आलेला खासदार म्हणजे मॅथ्यू लायन. त्याचा तिखटपणा कळायचा तर आधी जमिनीचं भांडण कळायला हवं.

लायन मूळचा आयर्लंडचा. १७६४ मध्ये कनेक्टिकटला उतरला तेव्हा जहाजाचं भाडंही अंगावर होतं. ते फेडायला मुदतीची चाकरी पत्करली, तर पहिल्या मालकाने बैलजोडी घेऊन त्याला दुसऱ्याच्या हवाली केलं. विरोधकांना हिणवायला आयतंच सापडलं. तो मात्र त्या बैलांचीच शपथ घ्यायचा, असं सांगतात.

१७७४ मध्ये त्याने आजच्या व्हरमाँटमध्ये शेती धरली. तिथल्या शेतकऱ्यांनी शेजारच्या न्यू हॅम्पशायर वसाहतीने दिलेल्या पट्ट्यांवर जमिनी घेतल्या होत्या. पण इंग्लंडच्या राजाने १७६४ मध्येच तो मुलूख न्यूयॉर्क वसाहतीचा ठरवला होता, आणि न्यूयॉर्क त्याच जमिनीचे पुन्हा पैसे मागत होतं. जंगल तोडून काढलेलं शेत, आणि कागदावर मालक भलताच! यातूनच ईथन ॲलनची ‘ग्रीन माउंटन बॉइज’ ही फौज उभी राहिली. लायनही तिच्यात होता. बड्या घराण्यांवरचा त्याचा राग पुस्तकातून आलेला नव्हता.

पुढे फेअर हेवनला लोखंडाचा कारखाना, कागदाची गिरणी काढून तो १७९७ मध्ये अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये पोहोचला. जानेवारी १७९८ मध्ये विरोधी पक्षाचे खासदार रॉजर ग्रिसवोल्डने त्याच्या लष्करी बडतर्फीवरून टोमणा मारला, तेव्हा लायन भर सभागृहात त्याच्या तोंडावर थुंकला. पंधरवड्याने ग्रिसवोल्ड काठी घेऊन धावून आला. लायनने शेकोटीचा चिमटा उचलला. शोभेसं काहीच नव्हतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये राजद्रोहाचा कायदा आला; सरकारविरुद्ध बदनामीकारक लिहिणं गुन्हा ठरलं. अध्यक्ष ॲडम्स यांना थाटामाटाची आणि खुशामतीची हाव आहे, असं लायनने एका पत्रात लिहिलं होतं, तेही कायदा होण्याआधी. छापून आलं नंतर. शिक्षा झाली चार महिने कैद आणि १००० डॉलर दंडाची. व्हर्जेन्सच्या तुरुंगातली कोठडी सोळा फूट बाय बारा, कोपऱ्यातच शौचाची सोय, दुर्गंधी असह्य. मतदारांनी त्याला तिथूनच पुन्हा काँग्रेसवर पाठवलं.

१८०१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी जेफरसन आणि ॲरन बर यांच्यातली बरोबरी काँग्रेसमधल्या राज्यवार मतदानाच्या छत्तिसाव्या फेरीत सुटली, तेव्हा व्हरमाँटचं मत जेफरसनच्या पदरात टाकणारा लायनच. नंतर तो केंटकीला गेला, तिथूनही निवडून आला. १८२२ मध्ये आर्कान्सामध्ये वारला. दंडाची रक्कम काँग्रेसने १८४० मध्ये वारसांना व्याजासकट परत केली.