झालं? मग ही आणखी पाच

सातवीचा वर्ग, गणिताचा सरावपाठ. बी.एड. करणारी छात्राध्यापिका फळ्यावर पाच उदाहरणं लिहून वळते न वळते तोच खिडकीजवळच्या मुलीने वही पुढे केली. "मॅडम, झालं." पाचही बरोबर. आता हिचं काय करायचं? टाचणवहीत त्यासाठी ओळच नव्हती. मग तिने तेच केलं, जे आपल्यापैकी बहुतेकांच्या बाईंनी केलं असेल. "छान! मग ही पुढची पाच सोडव."

मी मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने तेवढीच उदाहरणं पंचवीस मिनिटं पुरवली. शहाणीच म्हणायची! लवकर संपवलं की काम वाढतं, हे तिला एका तासात कळलं होतं.

मुलगी कंटाळते, एवढंच यात नाही. ऑस्ट्रेलियातले शिक्षण-मानसशास्त्राचे अभ्यासक कल्युगा, स्वेलर आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली एक विचित्र वाटणारा निष्कर्ष मांडला. नवशिक्याला पायरी-पायरीने सोडवून दाखवलेलं उदाहरण फार उपयोगी पडतं, कारण आपली कार्यकारी स्मृती (विचार करताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणारी) एका वेळी तीन-चारच नव्या गोष्टी पेलू शकते आणि तयार पायऱ्या तिचा भार हलका करतात. पण ज्याच्या डोक्यात त्या पायऱ्या आधीच बसल्या आहेत, त्याला तीच मदत आडवी येते. रोजच्या वाटेने घरी जाताना शेजारचा माणूस "आता डावीकडे, आता सिग्नलला थांबा" म्हणत राहिला तर लक्ष रस्त्यावरून उडतं ना, तसंच. म्हणजे बी.एड.ला 'चांगला पाठ' म्हणून जे शिकवलं जातं, ते याच मुलीसाठी वाईट ठरू शकतं.

बरं, लवकर संपवणारा किंवा चाचणीत पुढे असणारा तोच हुशार, असंही नाही. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१पासून बुद्धिमापन चाचण्या घेऊन सुमारे १,५०० मुलं निवडली आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली. त्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं खाली पडली. पुढे १९५६ आणि १९६८ साली दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळालं नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६९ साली बुद्धिमान मुलांसाठी वेगळी प्रशाला काढली. पण अशी बहुतेक मुलं साध्या वर्गातच बसलेली असतात, साठ जणांमध्ये, आणि त्यांच्यासमोर उभी असते आपली ही छात्राध्यापिका.

आठवड्याने तिने टाचण बदललं. फळ्यावर एवढंच लिहिलं : ९ = ४ + ५. आणि ९ = २ + ३ + ४. लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची (१, २, ३...) बेरीज करून कुठल्या संख्या मिळतात आणि कुठल्या मिळत नाहीत?

हा प्रश्न कुणालाही सुरू करता येतो. नुसती बेरीज यायला हवी. खिडकीजवळच्या मुलीने दोन मिनिटांत हात वर केला. "सम संख्या मिळत नाहीत." बाई काही बोलल्या नाहीत. मला दिसत होतं, ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. मागून एक मुलगा, ज्याचा गणिताशी छत्तीसचा आकडा, म्हणाला, "सहा मिळतात की. एक, दोन, तीन." मुलीने खोडलं. मग म्हणाली, चारच्या पटीतल्या मिळत नाहीत. थोड्या वेळाने तिनेच बारा शोधले : ३ + ४ + ५. पुन्हा खोडलं. या वर्गात तिची वही पहिल्यांदाच एवढी घाण झालेली मी पाहिली.

शेवटी उरल्या १, २, ४, ८, १६. "मॅडम, एकाला दोननेच गुणत गेलं की येतात त्या!" छात्राध्यापिकेच्या तोंडावर 'किती हुशार गं!' आलं होतं. तिने ते गिळलं आणि विचारलं, "तू दोनदा खोडलंस. काय बघून?" बरंच झालं. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगात 'तू हुशार आहेस' असं ऐकलेली पाचवीतली मुलं पुढच्या अवघड कोड्यांत अडली की लवकर हात टेकत. मेहनतीचं कौतुक झालेली जास्त टिकली.

'असं का?' मात्र अडलं. खरं तर किल्ली छोटी आहे. पहिली आणि शेवटची संख्या मिळवा, एकूण जितक्या संख्या घेतल्या तितक्याने गुणा. उत्तर बेरजेच्या दुप्पट येतं. या दोन गुणकांपैकी एक नेहमी विषम असतो, आणि तो एकापेक्षा मोठा असतो. एकाला दोनने गुणत बनलेल्या संख्येत असा विषम गुणक कुठून येणार? बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही. घंटा झाली, मुलगी डबा न उघडता आकडेच मांडत बसली.

निरीक्षण तक्त्यात 'पाठाचा समारोप' या रकान्यापुढे मला गुण द्यायचे होते. समारोप झालाच नव्हता. नियमाप्रमाणे मी तिथे शून्य लिहिलं, आणि उरलेल्या रकान्यांत हात सैल सोडला.