घरभेदी, फितूर आणि विभीषण: बाजू बदलणाऱ्या पात्रांची पार्श्वभूमी

सिरीयलमधलं एखादं पात्र मधेच पार्टी बदलतं, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचंच गुपित समोरच्याच्या कानात जाऊन सांगतं, की आमच्याकडे कोणीतरी टीव्हीसमोरून ओरडतंच, "घरभेदी मेला!" आम्ही पंचवटीतले, इथे रामायण पोथीत कमी आणि गल्लीत जास्त, त्यामुळे घरभेदी म्हटलं की पुढचं नाव विभीषण हे लहानपणापासून पाठच झालेलं. पण मूळ गोष्ट वाचली ना, की हे नाव त्याला चिकटवताना हात आखडतो.

वाल्मीकींच्या युद्धकांडात विभीषण रात्री गुपचूप पळून जात नाही. भर सभेत रावणाला सांगतो, सीता परत दे. रावण त्याला नाही नाही ते बोलतो, मग तो चार साथीदारांना घेऊन निघतो आणि जाताना भावाच्या तोंडावर सांगून निघतो. समुद्राच्या ह्या बाजूला वानरसेना, तिथे हे पाच जण येऊन आकाशात थांबतात. सुग्रीव म्हणतो हा शत्रूचा माणूस आहे, मारून टाका, हनुमान म्हणतो ठेवून घ्या. सगळ्यांचं ऐकून राम म्हणतो की जो एकदा येऊन 'मी तुझा' म्हणाला त्याला मी अभय देतो, हे माझं व्रत आहे.

आता ह्यात नाशिकचा धागा बघा. शूर्पणखा ही विभीषणाचीच बहीण, तिचं नाक लक्ष्मणाने कापलं ते इथे, पंचवटीत, आणि नाशिक हे नाव त्यावरूनच पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे बहिणीचं नाक कापणाऱ्याच्याच खांद्याला खांदा लावून हा पुढे लढणार! मला वाटतं विभीषणाच्या निर्णयाची खरी किंमत इथे कळते, आणि कीर्तनात ह्या नात्यावर कोणी थांबत नाही ह्याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पुढे लंकेतल्या निकुंभिला ह्या जागी रावणाचा मुलगा इंद्रजित यज्ञ करतोय, तो पुरा झाला तर त्याला हरवणं अवघड, आणि लक्ष्मणाला तिथपर्यंत घेऊन येतो तो सख्खा काका. इंद्रजित त्याला जे ऐकवतो त्याचा अर्थ असा, की परका कितीही गुणी असो आणि आपला कितीही गुणहीन असो, आपला तो आपलाच, परका तो परकाच. घरभेद्यावर आजवर जेवढे आरोप झाले ते सगळे ह्या एका वाक्यात आलेत. विभीषणही गप्प बसत नाही, म्हणतो राक्षसांच्या कुळात जन्मलो पण माझा स्वभाव तसा नाही. मग वानरांना सांगतो की ह्याला मारायला निघालो तर डोळे पाण्याने भरतात, दिसत नाही, लक्ष्मणच ह्याला संपवेल. पुतण्याला मारायला मदत करणारा आणि त्याच वेळी रडणारा माणूस, असा सीन इतक्या जुन्या काळात कोणीतरी लिहून ठेवलाय!

ह्याच प्रसंगाची उलटी बाजू पंचतंत्रात आहे, कावळे आणि घुबडांच्या गोष्टीत. स्थिरजीवी हा कावळ्यांचा म्हातारा मंत्री, तो ठरवून स्वतःच्याच राजाकडून मार खातो, अंगाला रक्त फासून घेतो आणि वडाखाली पडून राहतो. घुबडं येतात, हा म्हणतो मी तुमची बाजू घेतली म्हणून माझी ही अवस्था केली. तिथेही मंत्र्यांची तशीच चर्चा होते, ठेवायचा की मारायचा, आणि एकटा रक्ताक्ष सांगतो मारा. कोणी ऐकत नाही. मग स्थिरजीवी घरटं बांधतोय असं भासवून गुहेच्या तोंडाशी रोज एकेक काटकी जमवतो आणि एक दिवस भर उजेडात, घुबडांना दिसत नसताना, सगळं पेटवून देतो. म्हणजे समोरून आलेल्या माणसाला ठेवून घ्यायचं का ह्या एकाच प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरं पहिल्यापासून आहेत, आणि नंतरच्या गोष्टी ह्या दोघांच्या मधेच कुठेतरी फिरत राहतात.

विशाखदत्ताचं मुद्राराक्षस तर अख्खं नाटकच ह्यावर उभं आहे. चाणक्याची माणसं फुटल्याचं नाटक करून चंद्रगुप्ताचा शत्रू मलयकेतू ह्याच्या छावणीत शिरतात, त्यातला भागुरायण मलयकेतूचा इतका लाडका होतो की त्यालाच मनात वाटतं, एवढा जीव लावणाऱ्याला फसवायचं म्हणजे किती अवघड. आणि शेवटी नंदांचा निष्ठावान मंत्री राक्षस बाजू बदलतो, पण लाचेसाठी नाही, चंदनदास ह्या मित्राचा जीव वाचवायला.

महाभारतात तीन नमुने एकाच युद्धात भेटतात. युयुत्सू, धृतराष्ट्राचा दासीपुत्र, दोन्ही सैन्यं उभी असताना युधिष्ठिराची हाक ऐकून सगळ्यांच्या देखत पलीकडे जातो. शल्य दुर्योधनाकडून लढतो पण कर्णाचा सारथी होऊन त्याचंच मन खच्ची करतो, तसं वचनच त्याने युधिष्ठिराला दिलेलं असतं. आणि कर्ण, ज्याला कृष्ण स्वतः सांगतो की तू थोरला पांडव, राज्य तुझं, तो राधा आणि अधिरथाच्या मायेसाठी नाही म्हणतो. आपल्या मराठी नाटक-कादंबरीने जीव लावला तो ह्या न फुटणाऱ्या कर्णालाच, आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांनी त्याच्यावर 'कौंतेय' लिहिलं. युयुत्सू मात्र मागेच राहिला.

मग आले किल्ले आणि त्यांच्याबरोबर फितूर हा शब्द. अरबी-फारसीतून आला पण मुरला इतका की आजही कोर्टात साक्ष फिरवणाऱ्याला पेपरवाले 'फितूर साक्षीदार'च लिहितात. का मुरला ते पेठ रोडने रामशेजला गेलं की कळतं. रामाची शेज होती म्हणून रामशेज असं सांगतात, छोटासाच गड, पण 1682 पासून मुघल फौजेला ह्याने पाच वर्षांहून जास्त झुंजवलं, लाकडी तोफा करून गड लढवला असं मुघलांकडच्या इतिहासकाराने, खाफीखानानेच लिहून ठेवलंय. शेवटी गड गेला तो नव्या किल्लेदाराला पैसा चारून. जिथे वर्षानुवर्षांची लढाई एका माणसाच्या मिंधेपणाने संपते तिथल्या लोकांना फितुरासाठी वेगळा, कडक शब्द लागणारच. ऐतिहासिक कादंबऱ्यांचे बरेचसे व्हिलन ह्याच मातीतून आले, आतून दार उघडणारे.

पण मराठी रंगभूमीवर एक वेगळी गोष्टही घडली आणि तीही नाशिकच्याच माणसाच्या हातून. वसंत कानेटकर इथे एचपीटी कॉलेजात प्राध्यापक होते, 1962 ला त्यांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' आलं. संभाजीराजे 1678 मध्ये मुघल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि पुढच्या वर्षी परत आले, एवढा जड इतिहास ज्या नात्यामागे आहे ते बाप-लेकाचं नातं ह्या नाटकाच्या मध्यभागी आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं सोडून घरात काय दुखत होतं ते बघायचं, हे मला फार मोठं वाटतं.

विभीषणाचं मात्र उलटं होत गेलं. वाल्मीकींकडे शेवटच्या क्षणी ब्रह्मास्त्राची आठवण रामाला करून देतो तो मातली, इंद्राचा सारथी. रावणाच्या नाभीत अमृत आहे हे विभीषणाने सांगितलं ही गोष्ट अध्यात्मरामायणात आणि तुलसीदासांकडे येते, आणि आज सगळ्यांना तेवढीच माहीत असते. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी 1861 मध्ये इंद्रजितालाच नायक करून काकाला उभा धुतला. पण रावण पडल्यानंतरचं वाल्मीकींचं पान कोणी काढत नाही. विभीषण प्रेताशेजारी बसून रडतो, मग अडून बसतो की ह्याचे अंत्यसंस्कार मी करणार नाही, धर्म सोडलेला माणूस होता हा. तेव्हा राम त्याला सांगतो, वैर मरणापर्यंतच असतं, आता हा जसा तुझा तसा माझाही. आणि मग विभीषण उठतो आणि आपल्या हाताने थोरल्या भावाची चिता पेटवतो.