पूर की ग्रेग? बाळूंच्या नेटमधला साहेब कोणता

दलित समाजातले नामवंत डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू यांची गोष्ट सांगताना कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करायला लावणारा तो लष्करातला गोरा, ज्याने तिकडे इंग्लंडात त्रिशतक ठोकलं." इथे दोन माणसं एक होतात. घोटाळा होणं साहजिक आहे म्हणा. दोघे लष्करी अधिकारी, दोघे हॅम्पशायर काउंटीचे फलंदाज, आणि 1890च्या दशकात दोघेही मुंबई इलाख्यात.

त्रिशतकवाला तो रॉबर्ट पूर. सहा फूट चार इंचांचा, सातव्या हुसार्स या घोडदळातला. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस याचा तो एडीसी, म्हणजे खास लष्करी मदतनीस होता आणि हॅरिस स्वतः क्रिकेटवेडा. त्यामुळे इथे पूरला खेळायला तोटा नव्हता. पुढे पलटणीबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेला आणि 1896 साली चक्क दक्षिण आफ्रिकेकडून इंग्लंडविरुद्ध तीन कसोटी खेळला! पण त्याचं नाव टिकलं ते 1899च्या एका उन्हाळ्यामुळे. 12 जून ते 12 ऑगस्ट या दोन महिन्यांत 1399 धावा, सरासरी 116.58. टाँटनला सॉमरसेटविरुद्ध 304, त्यात सहाव्या विकेटसाठी कॅप्टन विनयार्डबरोबर 411ची भागी. विनयार्डही लष्करातलाच, त्याच्या 225. मग दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध आलं आणि पूर तिथे प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख झाला. त्यानंतर तो उन्हाळा काही परत आला नाही.

बाळूंचा साहेब तो जॉन ग्लेनी ग्रेग. जन्म महूचा, 1871चा. चणीने लहान, पायांचा चपळ. 'जॉन ग्लेनी'चं झालं 'जंगली', आणि पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांत तो जंगली ग्रेग म्हणूनच ओळखला गेला. हा रोज इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंकडून सराव करून घेई. आपल्याला बाद केलं की तो आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचं खरंखोटं देव जाणे. पुण्याच्या क्लबच्या साहेबांना बाळूंनी तासन् तास चेंडू टाकले, पण बॅट मात्र त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. ग्रेगचं कौतुक करताना हे विसरलं जातं.

काउंटीत ग्रेगही कमी नव्हता. 1901 साली लँकेशायरविरुद्ध नाबाद 249. पण इंग्लंडला तो खेळायचा रजेवर गेला की. त्याचं खरं क्रिकेट इथलं: इथल्या युरोपियनांच्या संघाकडून 1893च्या सुमारापासून 1921पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन दशकं. पूर इथे येऊन गेला, ग्रेग इथेच मुरला.

शेवटही वेगळे. पूर ब्रिगेडियर जनरल होऊन 1938 साली वारला. ग्रेग म्हातारपणी कॅथलिक पाद्री झाला आणि 1958पर्यंत जगला.