वडिलांच्या पश्चात एक-चौदावर (जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर) वारसांची नावे कशी लावावीत?

गोव्यात घरातला कर्ता माणूस गेला की घराचे आणि भाटाचे (बागायती जमिनीचे) कागद घेऊन तीन दारी जावे लागते: सब-रजिस्ट्रार, मामलेदार आणि पंचायत. एका कार्यालयात झालेली नोंद दुसऱ्याला आपोआप कळत नाही. म्हणून क्रम चुकवू नका. पुष्कळ घरांत आधी घरपट्टी थोरल्या भावाच्या नावे करतात आणि तिथेच थांबतात. घरपट्टीच्या पावतीने कोणी मालक होत नाही.

वारस कोण, हे पहिल्यांदा पक्के करा. इथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. वारसाहक्काचे नियम आता २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आहेत. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. त्यामुळे वडिलांच्या मागे त्यातला अर्धा हिस्सा आईचा असतोच. तो तिला वारसाने मिळत नाही, तो तिचा स्वतःचा. मृत्युपत्र नसेल तर उरलेला अर्धा मुलगे आणि मुलींना सारखा. लग्न होऊन पुण्याला गेलेली बहीणही वारस, आणि याच सामाईकपणामुळे बहुधा जावयाचे आणि सुनेचे नावही वारसांच्या दस्तात येते. बहिणीला वगळून केलेला दस्त पुढे न्यायालयात टिकत नाही, आणि नाते तर त्याआधीच तुटलेले असते.

हा दस्त म्हणजे सक्सेशन डीड, मृताचे वारस कोण हे नोंदवणारा कागद. तालुक्याचे सब-रजिस्ट्रार विशेष नोटरी म्हणून तो करून देतात. मृत्यूचा दाखला, आईवडिलांच्या लग्नाची नोंद, सर्व मुलांचे जन्मदाखले, विवाहित वारसांच्या लग्नाच्या नोंदी आणि ओळखपत्रे लागतात. मृत्युपत्र असेल तर तेही. एखादा वारस आधीच वारला असेल, तर त्याचा मृत्युदाखला आणि त्याच्या वारसांचे कागद. कुटुंबाला ओळखणारी माणसेही सोबत न्यावी लागतात. ती वारसांपैकी नकोत. दस्ताची सूचना वर्तमानपत्रात छापतात. ते कात्रण जपून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावांत. गोवा मुक्तीपूर्वीच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने केलेल्या. आजोबांचे नाव जन्मनोंदीत एक, एक-चौदावर दुसरे आणि मतदार ओळखपत्रावर तिसरेच! या सगळ्या नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्ज करण्याआधीच करून घ्या. आमच्या घरी हे उशिरा सुचले, आणि आईला त्या वयात पुन्हा पुन्हा तालुक्याला जावे लागले.

दस्ताची प्रमाणित प्रत आणि एक-चौदाचा ताजा उतारा जोडून मामलेदारांकडे म्युटेशनचा, म्हणजे उताऱ्यावरची नावे बदलण्याचा, अर्ज करा. शहरी सर्व्हे असलेल्या भागात हे काम सिटी सर्व्हेच्या कार्यालयात होते. सर्व हितसंबंधितांना नोटीस जाते, म्हणून त्यांचे पत्ते अचूक द्या. हरकत आली तर सुनावणी होते, नाहीतर नोंद मंजूर होते. उताऱ्यावर कुळाचे नाव असेल तर ते वारसांच्या म्युटेशनने जात नाही. दुसऱ्याच्या भाटात मुंडकार म्हणून, म्हणजे भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत राहणारा म्हणून, घर असेल, तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखालचे कागद वेगळे लागतात.

म्युटेशनने वाटणी होत नाही, सगळी नावे एकत्र लागतात. एकमत असेल तर वाटणीपत्र नोंदवा. नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचे प्रकरण, दाखल करावी लागते.

नव्या नावांचा उतारा हाती आला की त्याची प्रत आणि सक्सेशन डीड घेऊन पंचायतीत जा आणि घरपट्टीवरचे नाव बदलून घ्या.