भांडी न घासणारं यंत्र

ओट्यावर ठेवायचा छोटा डिशवॉशर घरी आणला, त्या दिवशी तो चार-पाच मिनिटं पाणी भरत राहिला आणि मग ‘पाणी येत नाही’ असं दाखवत पीं पीं करून थांबला. नळ तर पूर्ण उघडा होता आणि आत पाणी पडल्याचा आवाजही येत होता. दोनदा बंद-चालू केलं, फरक पडला नाही. तिसऱ्यांदा नीट कान दिला, तेव्हा सिंकमधूनही तसाच आवाज ऐकू आला. जेवढं पाणी आत येत होतं, तेवढंच मागच्या नळीतून बाहेर जात होतं, आणि तेही पंप बंद असताना.

चूक माझीच होती. सांडपाण्याची नळी मी सिंकच्या तळाशी सोडून दिली होती. बहुतेक यंत्रं धुण्याआधी तळाशी उरलेलं जुनं पाणी पंपाने फेकून देतात. त्यामुळे नळी पाण्याने भरते, आणि तिचं तोंड यंत्रातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर सायफन सुरू होतो. खाली उतरणारं पाणी आपल्या वजनाने मागच्या पाण्याला ओढत नेतं. पिंपातलं पाणी नळीने काढताना आपण हेच मुद्दाम करतो. उपाय सोपा निघाला: नळीचं तोंड सिंकच्या काठाच्या वीतभर वर अडकवलं, हवेत मोकळं. तोंड पाण्यात बुडलेलं नसावं हेही महत्त्वाचं, नाहीतर सिंकमधलं घाण पाणी उलट आत ओढलं जाऊ शकतं. मात्र नळी हौसेने फार उंचही नेऊ नये. निचऱ्याचा पंप लहान असतो आणि तो किती उंच पाणी चढवू शकतो ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

त्या दिवसापासून मी या यंत्राकडे पाण्याच्या वाटा सांभाळणारी पेटी म्हणून पाहतो. ते बसवणं म्हणजे पाणी कुठून येणार, आत काय करणार आणि कुठून जाणार एवढं ठरवणं. बाकी सगळं दुय्यम.

आपण कपडे धुतो, पण भांडी घासतो. हे यंत्र मात्र एकही भांडं घासत नाही. आत ना ब्रश, ना काथ्या. मग चिकटलेलं खरकटं निघतं कसं? जर्मन रसायन अभियंता हर्बर्ट झिनर याने १९५९ मध्ये स्वच्छतेचं गणित चार घटकांत मांडलं: रसायन, उष्णता, वेळ आणि यांत्रिक जोर. एक कमी केला तर दुसरे वाढवावे लागतात. हाताने घासताना सगळी मदार मनगटावर असते; पाणी कोमट, साबण सौम्य, वेळ मिनिटभर. यंत्राने मनगट काढून टाकलं आणि उरलेले तिन्ही वाढवले. म्हणून त्याला पाणी हाताला सोसणार नाही इतकं गरम लागतं, पावडर हाताला लावू नये इतकी तीव्र लागते आणि कधीकधी तीन-तीन तास लागतात. वीज वाचवणारा प्रोग्रॅम सगळ्यात लांबलचक का, याचं उत्तरही इथेच आहे: उष्णता कमी केली, ती वेळेने भरून काढली.

जोर अगदीच नसतो असं नाही. तळातला पंप पाणी फवारणीच्या पात्यात ढकलतो आणि पात्याच्या छिद्रांतून तिरके फवारे उडतात. पातं फिरवायला वेगळी मोटर नसते. पाणी एका दिशेने उडतं आणि त्याच्या प्रतिक्रियेने पातं उलट दिशेने फिरतं, बागेतल्या फिरत्या कारंज्यासारखं. ही रचना सुंदर आहे, पण नाजूकही. जाळीतून खाली डोकावलेला एक चमचा पात्याला अडवायला पुरतो, आणि मग तासाभराने दार उघडल्यावर एक बाजू चकचकीत, दुसरी जशीच्या तशी. दार लावण्याआधी पातं बोटाने एकदा फिरवून पाहायचं. भांड्यांची माखलेली बाजू फवाऱ्याकडे हवी आणि वाट्या पालथ्या. एकावर एक चढवलेल्या वाट्यांच्या मध्ये पाणी शिरत नाही, हे कळूनही आपण त्या चढवतोच.

एका वेळच्या धुण्याला असं छोटं यंत्र साधारण ५ ते ८ लिटर पाणी घेतं. ऐकायला अशक्य वाटतं, पण तेच पाणी गाळणीतून पुन्हा पुन्हा फिरवलं जातं. म्हणून भांडी आधी विसळायची गरज नसते, मात्र मोठे तुकडे काढून टाकायलाच हवेत, नाहीतर गाळणी तुंबते. पाणी कमी म्हणजे तापवायचा खर्चही कमी. ५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ७३५ किलोज्यूल लागतात, म्हणजे विजेचं साधारण ०.२ युनिट. पाणी सहसा दोनदा तापतं, शिवाय भांडी आणि पेटीही तापतात, तेव्हा प्रत्यक्ष आकडा याच्या काही पट होतो. हीटर जोरदार असल्याने यंत्राला अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्यावा. एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावू नये, यात तडजोड नाही.

या तापवण्यात एक जुनी गोष्ट दडलेली आहे. १८५० मध्ये अमेरिकेत जोएल हॉटन याने हाताने फिरवायच्या लाकडी यंत्राचं पेटंट घेतलं होतं. ते भांड्यांवर पाणी नुसतं शिंपडायचं. खरी मजल मारली जोसेफिन कॉक्रन हिने. २८ डिसेंबर १८८६ रोजी तिला पेटंट मिळालं. भांड्यांच्या मापाचे तारेचे कप्पे आणि जोराने मारलेलं गरम साबणाचं पाणी, ही तिची कल्पना. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं मांडलेली होती. पण गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः हॉटेलांचं, कारण यंत्राला लागेल तेवढं गरम पाणी बहुतेक घरांत नव्हतंच. आज हीटर पेटीतच बसतो, म्हणून साधी थंड पाण्याची जोडणी पुरते.

त्या जोडणीत घोळ होतो तो दाबाचा. बऱ्याच यंत्रांना किमान ०.०४ मेगापास्कल, म्हणजे ०.४ बार दाब लागतो. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे फक्त टाकीच्या उंचीवर भिस्त असेल तर टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा निदान ४ मीटर वर हवी. टाकी थेट डोक्यावरच्या गच्चीत असेल तर हे जमेलच असं नाही. अशा घरांसाठी पोटात टाकी असलेलं यंत्र उत्तम: तांब्याने पाणी ओतायचं, पुरेसं झालं की ते आवाज करतं. नळाला जोडायचं असेल तर नळीच्या टोकाला रबरी वॉशर आहे का ते पाहावं. गळती थांबवतो तो वॉशर. आटे पान्याने करकचून आवळल्याने तो चिरडतो आणि थेंब सुरू होतात.

पावडरीबद्दल एकच ताकीद: भांडी घासायचं नेहमीचं लिक्विड आत घालू नका. त्याचा फेस पंपात शिरला की पंप पाण्याऐवजी हवा ढकलू लागतो, फवारे मंदावतात आणि फेस दारातून ओट्यावर येतो. डिशवॉशरची पावडर मुद्दाम जवळजवळ बिनफेसाची असते. तिच्यातला सोडा तेलकटपणा सोडवतो, परकार्बोनेट डाग उडवतो आणि प्रोटीएज, अमायलेज ही विकरं प्रथिनं आणि पिष्ट यांचे लांब रेणू तोडतात. हाच अल्कधर्मी सोडा ॲल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळवतो, म्हणून ॲल्युमिनियमची भांडी काळी पडतात. ती बाहेरच बरी.

पाणी जड असेल तर त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होऊन हीटरवर आणि काचेवर पांढरं बसतं. काही यंत्रांत यासाठी रेझिनचे मणी असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना पुन्हा ताजं करतं. मिठाच्या वेगळ्या कप्प्यातलं हे मीठ भांड्यांपर्यंत धुण्यासाठी जात नाही, म्हणून पावडरीऐवजी मीठ किंवा मिठाऐवजी पावडर हा हिशेब चालत नाही. मीठ जाड, शुद्ध, आयोडीन न घातलेलं हवं. लहान यंत्रांपैकी अनेकांत ही सोयच नसते, तेव्हा घेण्याआधी विचारावं.

शेवटचं विसळणं गरम पाण्याचं असतं, ते वाळवण्यासाठी. रिन्स एडने, म्हणजे या शेवटच्या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवाने, पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब न बनता पाण्याचा पातळ पापुद्रा होऊन तो ओघळून जातो. तापलेल्या चिनी मातीतली उष्णता उरलेलं पाणी उडवते आणि ती वाफ पेटीच्या थंड भिंतींवर जमून खाली उतरते. प्लॅस्टिकच्या डब्याची भिंत पातळ आणि हलकी, तो लगेच निवतो, शिवाय पाणी त्यावर पसरत नाही, थेंब धरून बसतं. त्यामुळे सगळं कोरडं निघालं तरी डब्यांच्या झाकणांच्या खाचेत पाणी असतंच. मी यंत्र थांबल्यावर दार थोडं उघडं ठेवतो, वाफ वरच्या लाकडी कपाटाला लागणार नाही असं पाहून, आणि झाकणं फडक्याने पुसतो.